पाण्याखालचं सेन्सर जाळं दगा देतंय? हायड्रोफोन बदलण्याआधी या चुका टाळा

बोटींवर नजर ठेवायला तळाशी बसवलेल्या हायड्रोफोनना, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनना, सकाळी दूरवरची बोट स्पष्ट ऐकू येते आणि दुपारी तीच निम्म्या अंतरावर हरवते. अशा वेळी हायड्रोफोन बिघडला असं धरून चालणं, ही सर्वांत महागडी चूक. वारा पडलेल्या कडक उन्हात उथळ समुद्राचं वरचं पाणी तापतं. ध्वनी थंड पाण्याकडे, म्हणजे जिथे त्याचा वेग कमी होतो तिकडे, वळतो; मग बोटीचा आवाज खाली झुकून तळाच्या चिखलात आपटत विरतो. १९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या सोनारनाही (ध्वनीने पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रणांनाही) दुपारी असंच कमी ऐकू येई आणि दोष मात्र जेवून सुस्तावलेल्या ऑपरेटरांवर जाई. म्हणून आधी पृष्ठभागापासून तळापर्यंतचं तापमान मोजा, सकाळी आणि दुपारी वेगवेगळं.

बोटीची जागा चुकत असेल तर घड्याळं पाहा; आवाज कोणत्या सेन्सरला किती आधी-नंतर पोहोचला, यावरूनच ती जागा काढली जाते. साध्या क्वार्ट्झ घड्याळामध्ये दहा लाखांत २० भागांची चूक सहज असते, म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. एका दिवसात हिशोब अडीच किलोमीटरने घसरला! वेळ जुळवून देणारा जीपीएस तळाशी पोहोचत नाही. शिवाय डेकवरच्या उन्हात जुळवलेलं घड्याळ तळाच्या गारव्यात वेगळं चालतं. तापमानभरपाई असलेलं घड्याळ घ्या, आणि सेन्सरांनी एकमेकांना ठरावीक वेळाने संकेत पाठवून, उत्तर घेऊन फरक काढत राहावं.

माहिती अर्धवट पोहोचतेय? ‘आधी ऐका, मग बोला’ हा वायफायचा नियम इथे फसतो. सेन्सर एकमेकांशी ध्वनीने बोलतात आणि त्या संकेताला एक किलोमीटर कापायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. तोवर दुसरा सेन्सर शांतता समजून बोलू लागतो. प्रत्येक सेन्सरला बोलण्याची वेळ वाटून द्या.

खोट्या इशाऱ्यांमागे बरेचदा स्नॅपिंग श्रिम्प, म्हणजे नांगी आपटून आवाज करणाऱ्या छोट्या कोळंब्या, असतात. उबदार, उथळ पाण्यात त्यांच्या नांगीतून फुटणाऱ्या बुडबुड्यांचा तडतडाट अखंड चालतो. उंबरठा, म्हणजे ज्या आवाजाच्या पातळीवर इशारा वाजतो ती, सरासरीवर ठरवू नका; मध्यक (क्रमाने लावलेल्या नोंदींतली मधली) वापरा. क्षणिक टोकं गाळून इंजिनाचा सलग सूर शोधा. हे मनावर घ्याच: दोन-चार वेळा उगाच धावलेलं गस्तीपथक खऱ्या इशाऱ्यालाही उशिरा उठतं.

जागा ठरवण्याआधी स्थानिक मच्छीमार संस्थेशी बोला. तळ खरवडणारी जाळी कुठून ओढतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि एक ट्रॉलर अख्खी केबल उचलून नेतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. उंबरठा फक्त त्या काळातल्या नोंदींवर बेतलात, तर ऑगस्टमध्ये बोटी निघताच प्रत्येक सेन्सर ओरडू लागेल.