मेल सर्व्हरची रांग तुंबली तर काय करावं?

सप्टेंबर आला की सांगली-मिरज भागातल्या पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने सगळीकडे वार्षिक सभेची धावपळ असते. सभा 30 तारखेच्या आत झाली पाहिजे, म्हणून हजारो सभासदांना नोटीस आणि अहवाल एकाच दुपारी मेलने सोडला जातो. तासाभरात काउंटरवरून फोन येतो: "साहेब, ठेवीदाराला पावतीची मेल अजून गेली नाही." सर्व्हर चालू असतो, एररही कुठे दिसत नाही. फक्त रांग, म्हणजे जायच्या बाकी असलेल्या मेलची यादी, वाढत असते.

अशा वेळी लोक सर्व्हर रिस्टार्ट करतात किंवा रांग फ्लश करतात, म्हणजे अडलेल्या सगळ्या मेल लगेच पुन्हा पाठवायला लावतात. दोन्ही टाळा. फ्लश केलं की समोरून परत आलेल्या सगळ्या मेल एकदम पुन्हा दारात उभ्या राहतात, नव्या मेलला जागा उरत नाही आणि समोरचा सर्व्हर आणखी कडक होतो.

पुढचं सगळं पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅमसाठी आहे. झिम्ब्रा हे मेलचं पॅकेज वापरत असाल तरी आत पोस्टफिक्सच असतो.

आधी बघा, कुठे अडलंय

पोस्टफिक्समध्ये मुख्य रांगा चार: इनकमिंग (नव्याने आलेल्या मेल), ॲक्टिव्ह (पोचवणं चालू असलेल्या), डिफर्ड (नंतर पुन्हा पाठवायच्या) आणि होल्ड (मुद्दाम थांबवलेल्या). ॲक्टिव्हची मर्यादा मुळात 20,000 मेलची असते. ती भरली की नवी मेल इनकमिंगमध्येच थांबते. ॲक्टिव्ह भरलेली नसतानाही इनकमिंग वाढत असेल तर आपली डिस्क तपासा. ॲक्टिव्ह फुगली असेल तर पोचवणं सावकाश चाललंय. व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम किंवा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) दमलेला असू शकतो. डिफर्ड फुगली असेल तर समोरचा "आत्ता नको, नंतर या" म्हणतोय.

मग क्यूशेप ही कमांड चालवा. नुसती चालवली तर ती इनकमिंग आणि ॲक्टिव्ह दाखवते, म्हणून डिफर्डचं नाव देऊन पुन्हा एकदा चालवा. तिच्या तक्त्यात प्रत्येक ओळ एका डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) आणि रकाने मेलच्या वयाचे असतात: 5 मिनिटं, 10, 20, 40, 80 असे दुपटीने वाढत जाणारे. समजा डिफर्डमध्ये एकूण 9,000 मेल आहेत, त्यातल्या 8,200 एकट्या जीमेलच्या ओळीत आणि त्याही 20 ते 80 मिनिटांच्या रकान्यांत. म्हणजे दुपारचा तो एकच लोंढा जीमेलने अडवलाय, बाकी सगळं ठीक आहे. पण शेकडो अनोळखी डोमेन दिसत असतील तर एस ऑप्शन देऊन पाठवणाऱ्यांची यादी काढा. एखाद्या कर्मचाऱ्याचंच नाव वर आलं तर त्याचा पासवर्ड चोरीला गेला असण्याची शक्यता मोठी. तो आधी बदला, रांगेचं नंतर बघा.

लॉगमधलं कारणही वाचा. 4 ने सुरू होणारा कोड, जसा 421 किंवा 451, म्हणजे तात्पुरता नकार. 550 सारखा 5 चा कोड कायमचा नकार सांगतो. ते पत्ते यादीतूनच काढा, कारण चुकीच्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं की आपली पत घसरते.

लोंढा थोपवा

नोटिसा सोडणारं सॉफ्टवेअर थांबवा. नंतर पोस्टक्यू या कमांडने रांगेची यादी काढून नोटिशीच्या मेलचे क्यू आयडी (रांगेतली त्यांची ओळख) वेगळे करा आणि पोस्टसुपर या कमांडला स्मॉल एच देऊन त्या होल्डवर टाका. यादीत आयडीपुढे उद्गारचिन्ह दिसलं की मेल होल्डवर गेली असं समजा. तारा म्हणजे ती अजून ॲक्टिव्हमध्ये आहे. पावत्या आणि रोजच्या मेलला वाट मिळाली की होल्डवरच्या मेल कॅपिटल एच देऊन थोड्या थोड्या सोडा. पोस्टसुपरला डी आणि ऑल एकत्र मात्र कधीही देऊ नका. सगळी रांग पुसली जाते आणि परत आणता येत नाही.

नोटिशीला वेगळी वाट द्या

खरं काम हे आहे. मार्केट यार्डात एकाच अडत्याच्या हळदीच्या गाड्यांनी फाटक अडवलं की बाकीचे शेतकरीही बाहेरच ताटकळतात, तसंच इथे होतं. पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये एसएमटीपीची, म्हणजे मेल बाहेर पाठवणारी, ओळ कॉपी करून तिला 'स्लो' असं नाव द्या आणि मेन फाइलमध्ये तिचा रेट डिले (दोन मेलमधलं अंतर) 1 सेकंद ठेवा. मग एका डोमेनला एका वेळी एकच मेल जाते, तासाला जास्तीत जास्त 3,600. बारा हजार सभासद एकाच डोमेनवर असले तरी साडेतीन तासांत काम होतं. सभेच्या नोटिशीला तेवढा वेळ चालतो.

ही वाट पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरवा, घेणाऱ्याच्या डोमेनवरून नको. नाहीतर जीमेलला जाणारी पावतीही सावकाश गाडीत बसेल. 2.7 आवृत्तीपासून पोस्टफिक्समध्ये त्याची सोय आहे. तरीही ॲक्टिव्हच्या 20,000 जागा दोन्ही वाटांच्या सामाईकच राहतात. सभासद जास्त असतील तर नोटिशीसाठी पोस्टफिक्सची दुसरी प्रत आणि शक्यतो वेगळा आयपी घ्या. माझं ठाम मत आहे की पैशांच्या व्यवहाराची मेल आणि सामूहिक मेल एका रांगेत असूच नयेत.

अहवाल मेलला जोडू नका. 3 एमबीची पीडीएफ मेलमध्ये जाताना साधारण 4 एमबी होते. बारा हजार मेलचे झाले 48 जीबी, आणि 10 एमबीपीएसच्या लाइनवर फक्त तेवढं बाहेर जायलाच साडेदहा तासांच्या वर लागतात. अहवाल संस्थेच्या वेबसाइटवर ठेवा, मेलमध्ये लिंक द्या.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच आपल्याच डोमेनची आहे हे समोरच्याला पटवणाऱ्या सोयी) हे तिन्ही लावून ठेवा. दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल जीमेलच्या खात्यांवर पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून ते बंधनकारक आहेत.

ही तयारी जुलैच्या आधी करा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की शाखा बंद, कामाची वेळ बदलली, असे निरोप तातडीने पोचवावे लागतात. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. या निरोपांसाठी स्वतंत्र पत्ता ठेवा आणि तो सावकाश वाटेच्या यादीत चुकूनही येऊ देऊ नका.

शेवटची एक सेटिंग. पोस्टफिक्स न पोचलेली मेल पाच दिवस सांभाळतो, आणि तोवर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण डिले वॉर्निंग टाइम (उशिराची सूचना किती वेळाने द्यायची ती सेटिंग) मुळात शून्य म्हणजे बंद असतो. रोजच्या व्यवहाराच्या सर्व्हरवर तो चार तास करा. नोटिशीसाठीच्या दुसऱ्या पोस्टफिक्सवर मात्र बंदच राहू द्या, नाहीतर उशिराच्या सूचनांचाच नवा लोंढा येईल.