फ्लॅट तुमचा, पण जमीन कुणाची? घर घेताना या चुका टाळा

मुंबई-ठाण्यात एजंट "ओनरशिपचा फ्लॅट आहे" म्हणतो, तेव्हा त्याला एवढंच सांगायचं असतं की हे घर पागडीचं, म्हणजे मालकाला ठोक रक्कम देऊन भाड्याने घेतलेलं नाही. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या मालकीची आहे की कुणाकडून भाडेपट्ट्याने घेतलेली, याबद्दल तो काहीच बोललेला नसतो. घेणारा मात्र तेवढ्यावर निर्धास्त होतो. लोकांची आयुष्यभराची पुंजी या एका गैरसमजावर लागलेली पाहिली की जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फ्रीहोल्डमध्ये जमिनीची मालकी मुदतीशिवाय मिळते. लीजहोल्डमध्ये जमीन मूळ मालकाचीच राहते; आपल्याला ठरावीक वर्षं, ठरावीक अटींवर ती वापरायचा हक्क मिळतो. आपल्याकडे हा प्रकार दुर्मीळ अजिबात नाही. नवी मुंबईत सिडकोने भूखंड दिले ते ६० वर्षांच्या पट्ट्यावर. निगडी-आकुर्डीकडे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने भूखंड दिले ते ९९ वर्षांच्या पट्ट्यावर. नागपुरात सुधार प्रन्यासाच्या आणि नझूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी जागांवर ३० वर्षांचे, नूतनीकरण करत राहायचे पट्टे आढळतात. म्हाडाच्या वसाहतींत बहुतेकदा इमारत सोसायटीला विकलेली असते आणि जमीन मात्र भाडेपट्ट्याने दिलेली असते.

फक्त फ्लॅटचा करारनामा वाचणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. फ्लॅटच्या करारात विकणाऱ्याला "मालक" म्हटलेलं असतं आणि ते फ्लॅटपुरतं खरंही असतं. जमिनीची गोष्ट सुरुवातीच्या "ज्याअर्थी" वाल्या परिच्छेदांत आणि शेवटच्या परिशिष्टात दडलेली असते. तिथे भाडेपट्टा, पट्टेदार, लेसी, लीज डीड असा एकही शब्द दिसला की थांबा आणि मूळ भाडेपट्ट्याची नोंदणीकृत प्रत मागा. "ती सोसायटीकडे असेल" हे उत्तर चालवून घेऊ नका. सोसायटीकडे असेल तर सोसायटीतून आणून द्यायला सांगा.

सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) पाहून काही जण उगाच घाबरतात. तिथे बाजारभावाच्या रकान्यापुढे भाडेपट्ट्याचा उल्लेख छापलेलाच असतो. तो मजकूर फ्रीहोल्डच्या दस्तावरही येतो, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही.

खरी माहिती जमिनीच्या अभिलेखात मिळते. सातबारा असेल तर "भूधारणा पद्धती" पाहा. भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी जमीन), भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर बंधनं असलेली) आणि शासकीय पट्टेदार हे भेद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतून आलेले आहेत. शहरी भागात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा आणि त्यातले तीन रकाने नीट वाचा: धारणाधिकार, हक्काचा मूळ धारक आणि पट्टेदार. मूळ धारक म्हणून महापालिका, सरकार किंवा एखादा ट्रस्ट आणि पट्टेदार म्हणून सोसायटी किंवा बिल्डर अशी नोंद असेल, तर जमीन लीजहोल्ड आहे. पट्टेदाराचा रकाना रिकामा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, कारण जुन्या पट्ट्यांची नोंद कित्येकदा चढलेलीच नसते. म्हणून वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्याच. धारणाधिकारासमोरच्या अक्षराचा अर्थ नगर भूमापन कार्यालयात विचारा, इंटरनेटवरच्या तक्त्यावर विसंबू नका.

"कन्व्हेयन्स झालंय" म्हणजे जमीन आपली, असं धरणे

कन्व्हेयन्स किंवा अभिहस्तांतरण म्हणजे जमीन-इमारतीचा हक्क सोसायटीच्या नावावर करणं. त्यात बिल्डरकडे जो हक्क होता, तोच सोसायटीकडे येतो. बिल्डर स्वतः पट्टेदार असेल, तर अभिहस्तांतरणातून सोसायटीला पट्ट्याचे उरलेले हक्क मिळतात, मानीव अभिहस्तांतरणातही (बिल्डर करून देत नसेल तेव्हा सरकारी अधिकाऱ्यामार्फत होणाऱ्या) तसंच. दस्तात विक्री झाली आहे की पट्टा हस्तांतरित झाला आहे, एवढं पाहिलं तरी उलगडा होतो. सिडकोच्या जागेवर तर सुरुवातीला नुसता भाडेपट्ट्याचा करार असतो. प्रत्यक्ष भाडेपट्टा बांधकाम पूर्ण झाल्यावर होतो. नव्या प्रकल्पात यातला कोणता टप्पा झाला आहे, हे बुकिंगच्या आधी विचारा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा कायदेशीर हक्काचा अहवाल असतो, तो उतरवून घ्या.

वर्षं आजपासून मोजणे

"साठ वर्षांचं लीज आहे" हे वाक्य अर्धंच आहे. ती साठ वर्षं कधी सुरू झाली? समजा पट्टा १९८५ चा आहे, तर तो २०४५ मध्ये संपतो. तुम्ही आज पंचवीस वर्षांचं कर्ज काढलंत तर हप्ते पट्ट्यापेक्षा जास्त चालतील. बँका उरलेली मुदत बघतातच आणि ती कमी असेल तर कर्जाची वर्षं कापतात किंवा कर्जच नाकारतात. पुढे तुमच्याकडून घेणाऱ्यालाही हीच अडचण येणार. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद निर्दोष, असंही समजू नका. बँक तिच्या कर्जापुरती काळजी घेते. पुनर्विकासाच्या वेळी तुमचं काय होईल, हे पाहणं तिचं काम नाही.

पट्ट्यात नूतनीकरणाचं कलम आहे का, तेही वाचा. नूतनीकरण पट्टेदाराचा हक्क आहे की मालकाच्या मर्जीवर सोडलंय, आणि भाडं कोणत्या हिशेबाने वाढणार, यावर खूप काही अवलंबून असतं.

लीजहोल्ड म्हटलं की पाठ फिरवणे

हीसुद्धा चूकच. मुंबई महापालिकेच्या काही भूखंडांवर ९९९ वर्षांचे पट्टे आहेत. अटी सोप्या असतील तर तिथे राहणाऱ्याला फरक जाणवतही नाही. उलट पट्ट्याचा शब्दही नसलेली वर्ग २ ची जमीन त्रासदायक ठरू शकते, कारण ती विकायला बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. माझ्या मते साठ-सत्तर वर्षं शिल्लक असलेला स्वच्छ पट्टा हा घोटाळ्यातल्या "फ्रीहोल्ड"पेक्षा कधीही बरा, फक्त किमतीत त्याचा विचार झालेला असला पाहिजे.

हस्तांतरण शुल्क शेवटी कळणे

पट्ट्याच्या जागेवरचं घर विकताना बहुतेक ठिकाणी मूळ मालकाची ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क लागतं. सरकारी जागेत अनर्जित रकमेचा, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीचा वाटाही मागितला जाऊ शकतो. हे कोण भरणार, हे विक्री करारातच लिहा. याहून मोठा धोका मागच्या व्यवहारांचा. घर तीन हातांतून गेलेलं असेल आणि मधला एक व्यवहार परवानगीशिवाय झाला असेल, तर तो नियमित करायचा खर्च आणि हेलपाटे शेवटच्या खरेदीदाराच्या वाट्याला येतात. प्रत्येक विक्रीचं परवानगीपत्र मागा. जमीन सार्वजनिक ट्रस्टची असेल, तर मूळ पट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी होती का हेही बघा, कारण तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या अशा पट्ट्याला ती आवश्यक असते.

आता अडकलोच आहोत, तर?

टोकन दिल्यावर कळलं असेल तर पुढचा पैसा थांबवा आणि विकणाऱ्याकडून पट्टा, भाड्याच्या पावत्या व ना-हरकत लेखी मागा. टोकनच्या पावतीवर "जमिनीचा हक्क निर्वेध नसल्यास रक्कम परत" ही ओळ सुरुवातीलाच लिहून घेतलेली असली, तर भांडण खूप सोपं होतं.

राहत्या इमारतीचा पट्टा संपला असेल, तर दुसऱ्या दिवशी कुणी बाहेर काढत नाही. मुदतीनंतरही मालकाने भाडं स्वीकारलं असेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ खाली भाडेकरू म्हणून राहत राहण्याचा आधार मिळू शकतो. मात्र तो हक्क तकलादू असतो. त्यावर कर्ज मिळणं किंवा पुनर्विकास होणं अवघड. नूतनीकरणाचा अर्ज सोसायटीनेच करायचा असतो, एकट्या सभासदाच्या अर्जाचा उपयोग होत नाही. तेव्हा सर्वसाधारण सभेत विषय घ्या, ठराव करा आणि थकलेलं भाडं आधी भरून टाका.

सरकारी पट्ट्याच्या आणि वर्ग २ च्या जमिनी अधिमूल्य (प्रीमियम) भरून वर्ग १ मध्ये बदलून घेण्याचे नियम मार्च २०१९ मध्ये आले. रक्कम रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरावर काढली जाते, आणि सवलतीचे दर व मुदती शासन बदलत असतं. त्यामुळे अर्ज करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातून त्या दिवशी लागू असलेला दर लेखी घ्या आणि मगच सभासदांकडून वर्गणी गोळा करा.