सेडिया की खरी इव्हो?

मित्सुबिशीची साधी लान्सर सेडिया घेऊन, बंपर आणि मागचा पंखा (स्पॉयलर) बदलून ‘इव्हो’ (लान्सर इव्होल्यूशन, तिची वेगवान बहीण) केलेली गाडी गोव्यात म्हापसा-मडगावकडे विकायला दाखवली, तर बाहेरचं रूप सोडा, गाडी रॅम्पवर चढवून घ्या. इव्होत इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. त्यामुळे खालून प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा लांब दांडा) आणि मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियल (ती दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) दिसायलाच हवं. भारतातली सेडिया फक्त पुढच्या चाकांच्या ताकदीवर चालते, तिच्यात हे दोन्ही नसतं.

मग बॉनेट उघडा. इव्हो ७ ते ९ मध्ये ४जी६३ इंजिन, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) रेडिएटरच्या लगेच मागे. जपानी बाजारातल्या गाडीचा चेसिस नंबर सीटी९ए ने सुरू होतो. आरसीवर १७ अक्षरी, ‘एमए’ ते ‘एमई’ यांपैकी कशानं सुरू होणारा नंबर असेल तर गाडी भारतात बनलेली, विषय संपला.

लोहचुंबकही खिशात ठेवा. इव्होचं बॉनेट आणि पुढची मडगार्डं अॅल्युमिनियमची, चुंबक चिकटत नाही. पण फायबरलाही चिकटत नाही, म्हणून बोटानं टिचकी मारा: फायबर बद्द वाजतं. गाडी किनाऱ्यालगत उभी राहिलेली असेल तर मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या सांगाड्याचे) सांधे स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, खाऱ्या वाऱ्यानं तिथे पत्रा सडतो.