प्राचीन इजिप्तच्या सीमाकिल्ल्याचा आराखडा कसा वाचावा

नाईलच्या दुसऱ्या प्रपाताच्या (नदीतील खडकाळ, खळाळत्या टप्प्याच्या) परिसरात, म्हणजे आजच्या सुदानच्या उत्तर भागात, बाराव्या राजवंशाच्या फेरोंनी कच्च्या विटांच्या किल्ल्यांची साखळी उभारली. उत्खनन अहवालातील आराखडा समोर आला की नजर तटबंदीवर खिळते. ती आधी नदीकडे न्यावी. सेमना आणि कुम्मा हे किल्ले पात्र अरुंद होते तिथेच समोरासमोर आहेत. जाणाऱ्या प्रत्येक नावेवर तिथून लक्ष ठेवता येत असे.

मग तटाकडे वळावे. याच साखळीतील बुहेन किल्ल्याच्या खालच्या तटातील जंग्या (बाण सोडण्याची छिद्रे) नीट पाहाव्यात : आतल्या एका जागेवरून धनुर्धराला तीन दिशांना बाण सोडता यावेत, अशी त्यांची रचना आहे. मात्र एवढ्यावरून किल्ला केवळ लढाईसाठी होता असे ठरवू नये. फेरो तिसऱ्या सेनुस्रेतच्या आठव्या राजवर्षातील सेमनाचा शिलालेख नूबियनांना, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील लोकांना, उत्तरेकडे जाण्यास मनाई करतो, पण इकेन येथे, म्हणजे मिर्गिस्साच्या किल्ल्याला, व्यापारासाठी येणाऱ्यांना आणि दूतांना त्यातून वगळतो. म्हणून दरवाजे, धान्यकोठारे आणि भांडारे यांना तटाइतकाच वेळ द्यावा.

माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा तो मातीच्या शिक्क्यांना, म्हणजे दार किंवा पोते बंद करून त्यावर लावलेल्या मुद्रांकित मातीच्या गोळ्यांना. उरोनार्ती या किल्ल्यात ते मोठ्या संख्येने मिळाले. पुढच्या बाजूस कोठार किंवा अधिकारी यांची मुद्रा दिसते. पण तुकडा उलटा करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण मागे दोरीचा पीळ, दाराची खुंटी किंवा पोत्याची वीण उमटलेली असते आणि नेमके काय बंद केले होते ते त्यावरूनच कळते. किल्ल्यातील रोजचा कारभार इतक्या जवळून दुसरे काहीच दाखवत नाही. सेमनाहून पाठवलेल्या पत्रांच्या, थीब्स या इजिप्तमधील शहरात सापडलेल्या नकला याला जोड देतात. त्यांपैकी एकीत गस्तीच्या तुकडीला ३२ माणसे आणि ३ गाढवांचा माग लागल्याची नोंद आहे.

शेवटी उत्खननाचे वर्ष अवश्य पाहावे. बुहेनचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरी यांनी १९५७ ते १९६४ या काळात केले. पुढे आस्वानच्या उंच धरणाच्या जलाशयात तो बुडाला, त्यामुळे तिथे जुन्या नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते. उरोनार्ती आणि शल्फाक हे किल्ले पाण्याबाहेर राहिले. उरोनार्तीला २०१२ नंतरच्या नव्या संशोधनात तटाबाहेर दगडी झोपड्यांची वस्ती उजेडात आली. तेव्हा जुन्या आराखड्यात तटाबाहेर दिसणारा कोरा कागद ओसाड जमीन समजू नये.