थप्पी अंगावर कोसळली तर : भरपाईसाठी आधी काय जमवायचं

ट्रक खाली करताना गोणींची थप्पी कोसळली आणि माणूस दवाखान्यात पोचला, की घरच्यांपैकी एकाने आधी केसपेपर वाचावा. ‘पडून मार’ एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा : अमुक गाळ्यावर, इतक्या वाजता, गोणी उतरवताना. माझ्या काकांच्या कागदावर ‘घसरून पडले’ हे दोनच शब्द होते. शेठ म्हणाला, घरी पडले असतील. ते खोडून काढायला टोळीतल्या चौघांना साक्षीला उभं राहावं लागलं. एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद) करायला लावा, तिचा नंबर टिपून ठेवा.

त्याच दिवशी फोटो काढा : कोसळलेली थप्पी, सरकलेली फळी, ट्रकची नंबरप्लेट, वाराईची (माल उतरवण्याच्या मजुरीची) पावती. सोबतच्या दोघांचे फोन नंबर आणि गावचे पत्ते घ्या, माणसं सुगीला गावी जातात.

माथाडी (हमाल कामगारांच्या) मंडळात नोंद असेल तर ओळखपत्र, टोळी क्रमांक आणि मंडळाकडचा पगाराचा उतारा मागा. नसेल तर मुकादमाच्या वहीची पानं, पासबुक. ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर दावा तिकडेच करायचा, विमा आणि मालक अशी दोन्हीकडून भरपाई मिळत नाही.

वयाचा दाखला विसरूच नका, सगळा हिशेब वयावर फिरतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातलं गणित २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे. समजा वय ३०, महिन्याचा पगार १५,००० रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले २०७.९८ (तिसाव्या वर्षासाठी कायद्याने ठरवलेला आकडा). पूर्ण कायमच्या अपंगत्वाला १८,७१,८२० रुपये होतात. नुसता अंगठा गेला तरी त्याचे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. हा आकडा कागदावर मांडून खिशात ठेवा, कारण वीस हजार हातावर ठेवून स्टॅम्पपेपर पुढे करणारा माणूस येतोच. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही, पण तो मोडायला वेळ जातो.

‘चूक तुझीच होती’ म्हणतील, घाबरू नका. कामावर पाय घसरला म्हणून भरपाई बुडत नाही. ‘मुकादमाकडे जा’ म्हणतील. ठेकेदाराची माणसं धंद्याच्याच कामावर असतील तर मूळ मालकही जबाबदार असतो, म्हणून नोटीस दोघांनाही रजिस्टर पोस्टाने पाठवा. दावा दोन वर्षांच्या आत. पैसे देय झाल्यावर महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज मागता येतं.

औषधाचा खर्च वेगळा मिळतो. मेडिकलवाल्याकडून प्रत्येक वेळी पक्कं बिल घ्या, एक्स-रे जपून ठेवा आणि उपचार संपल्यावर अपंगत्वाची टक्केवारी डॉक्टरांकडून लेखी घ्या.