हवे होते की नको होते: क्रीचर कार्डाचे मोल जोखण्याचा माझा अनुभव

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळायला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या डेकमध्ये, म्हणजे खेळण्यासाठी जमवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात, क्रॉ वर्मच्या चार प्रती होत्या. सहा माना, म्हणजे कार्ड खेळण्यासाठी खर्चावी लागणारी ऊर्जा, मोजून मैदानात येणारे हे हिरवे क्रीचर, म्हणजे लढणारे पात्र, ६/४ आकड्यांचे आहे; पहिला आकडा पॉवरचा, म्हणजे ते किती इजा करते याचा, आणि दुसरा टफनेसचा, म्हणजे ते किती इजा सोसते याचा. सहाचा आकडा पाहून मी ते निवडले होते. पुढे कित्येक डाव मी हातात तीन-तीन, चार-चार कार्डे तशीच धरून हरलो, आणि प्रत्येक वेळी ‘लँड आली नाही’ (लँड म्हणजे दर टर्नला, म्हणजे पाळीला, एक माना देणारे कार्ड) असे म्हणत पुन्हा डेक पिसायला घेतला. नशिबाला दोष देण्यापूर्वी साधे गणित करायला हवे होते, ते मी फार उशिरा केले. ६० कार्डांच्या डेकमध्ये २४ लँड असतील आणि आपण पहिले खेळत असू, तर सहाव्या टर्नपर्यंत आपण १२ कार्डे पाहिलेली असतात आणि त्यांत सरासरी ४.८ लँड असतात. म्हणजे सहा मानांचे कार्ड सहाव्या टर्नला खेळता येईल, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. कार्डावर छापलेला खर्च हा केवळ मानांचा आकडा नसून, ते कार्ड किती काळ हातात निरुपयोगी पडून राहणार आहे याचाही आकडा असतो, हे मला त्या हरलेल्या डावांनी शिकवले.

कोणत्याही पात्राचे कार्ड जोखताना सुरुवातीला एक मापदंड हाताशी असावा. मॅजिकमध्ये तो मापदंड १९९३ च्या पहिल्याच संचातील ग्रिझली बेअर्स या कार्डाने दिला: दोन माना, २/२, बाकी कोणतीही क्षमता नाही. नवे दोन मानांचे क्रीचर पाहिले की ते या अस्वलापेक्षा काय जास्त देते आणि त्या बदल्यात काय काढून घेते, एवढे आधी पाहावे. हर्थस्टोन या संगणकावरच्या कार्ड खेळात दर टर्नला एक माना क्रिस्टल आपोआप मिळतो आणि ही वाढ दहापर्यंत चालते, त्यामुळे महाग कार्ड वेळेवर खेळता येण्याची तेथे जवळपास हमी असते. मॅजिकमध्ये ती नाही. एका खेळातील अंदाज दुसऱ्या खेळात जसाच्या तसा नेऊ नये, याचे हे एक कारण आहे.

मात्र मापदंडाने आकडे कळतात, मोल कळत नाही. ते मला कळले दोन पाच मानांच्या कार्डांची तुलना करताना, आणि नवोदितांनी हा अभ्यास एकदा स्वतः करावा असे मी आग्रहाने सांगेन. बेनस्लेयर एंजल हे २००९ साली आलेल्या मॅजिक २०१० या संचातील कार्ड: ५/५, उडणारे, फर्स्ट स्ट्राइक, म्हणजे लढतीत आधी इजा करण्याची क्षमता, असलेले आणि लाइफलिंक असलेले, म्हणजे जितकी इजा करेल तितके आयुष्य आपल्याला परत देणारे. मलड्रिफ्टर हे २००७ च्या लॉर्विन संचातील कार्ड: उडणारे खरे, पण अवघे २/२, मात्र मैदानात येताच दोन कार्डे ओढू देणारे. दोन्ही कार्डे कोणाही नवख्यासमोर ठेवली तर तो बेनस्लेयर उचलेल. मीही तेच केले. एंजल मैदानात टिकली तर प्रत्येक हल्ल्यात समोरच्याचे पाच जातात आणि आपले पाच वाढतात, म्हणजे दोघांमधील अंतर एका टर्नमध्ये दहाने बदलते, आणि ज्या खेळात आयुष्य २० पासून सुरू होते तेथे असे दोन-तीन हल्ले पुरेसे असतात.

आता ती टिकली नाही तर काय होते ते पाहू. त्याच मॅजिक २०१० संचात डूम ब्लेड हे दोन मानांचे काळे कार्ड होते, जे काळे नसलेले कोणतेही क्रीचर नष्ट करते. मी पाचव्या टर्नला सगळ्या लँड आडव्या करून, म्हणजे त्यांच्या माना खर्चून, एंजल मैदानात आणली आणि समोरच्याने आपल्या टर्नमध्ये दोन माना खर्चून ती घालवली, तर कार्डास कार्ड असा हिशेब बरोबरीत सुटतो. पण मी माझा अख्खा टर्न घालवलेला असतो आणि त्याच्याकडे उरलेल्या मानांत आणखी एक क्रीचर आणण्याची सोय असते. यालाच खेळाडू टेम्पो गमावणे म्हणतात. हेच डूम ब्लेड त्याने मलड्रिफ्टरवर वापरले तर माझ्या हातात दोन कार्डे आधीच आलेली असतात. त्याने एक कार्ड देऊन माझ्या एका कार्डाचा उरलेला भाग तेवढा घालवला. म्हणून पात्राचे कार्ड वाचताना मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो असा: हे मैदानात आले आणि लगेच मेले, तर माझ्याकडे काय उरते?

या प्रश्नाचा अतिरेक होऊ शकतो, आणि माझ्याकडून तो झाला. काही महिने मी ‘रिमूव्हलने (म्हणजे डूम ब्लेडसारख्या क्रीचर घालवणाऱ्या कार्डाने) मरते’ एवढ्या एका वाक्यावर चांगली चांगली कार्डे बाजूला काढत राहिलो. पण रिमूव्हलने तर ग्रिझली बेअर्सही मरते. समोरच्याच्या डेकमध्ये अशी कार्डे किती आहेत, ती त्याने कशावर खर्च केली आहेत आणि माझ्या डेकमध्ये त्यांना दुसरी लक्ष्ये किती आहेत, यावर एंजलचे आयुष्य ठरते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या टर्नला मी अशी क्रीचर आणली की त्याला उत्तर द्यावेच लागले, तर पाचव्या टर्नला येणाऱ्या एंजलसाठी त्याच्या हातात काही उरत नाही. उलट डेकमधील एकमेव क्रीचर एंजलच असेल, तर त्याची सगळी रिमूव्हल कार्डे तिचीच वाट पाहत बसलेली असतात. तेच कार्ड, तोच प्रतिस्पर्धी, तरीही मोल निराळे. पोकेमॉनच्या कार्ड खेळात तर मरण्याची किंमत नियमातच लिहिलेली आहे: साधा पोकेमॉन बाद झाला तर समोरच्याला एक प्राइझ कार्ड मिळते, ‘एक्स’ प्रकारातला बाद झाला तर बहुधा दोन, आणि सहा प्राइझ कार्डे उचलली की डाव संपतो. तेथे बलाढ्य पात्र डेकमध्ये घालताना अशी तीन पात्रे पडली की आपण हरलो, हे धरूनच चालावे लागते.

दुसरा प्रश्न वेळेचा. प्रत्येक डावात चार प्रकारच्या स्थिती येतात: दोघेही मांडणी करत असतात ती सुरुवात, दोघेही अडून बसलेले असतात ती बरोबरी, आपली आघाडी आणि आपली पिछाडी. कार्ड वाचताना आपले मन आपोआप आघाडीवरचे चित्र रंगवते, कारण त्या चित्रात प्रत्येक कार्ड सुंदर दिसते. सव्हाना लायन्स हे एका मानाचे २/१ क्रीचर पहिल्या टर्नला आले आणि कोणी अडवले नाही, तर पाचव्या टर्नपर्यंत चार हल्ल्यांत आठ इजा करते. तेच आठव्या टर्नला, समोर ४/४ उभे असताना ओढले गेले, तर एखादा हल्ला अडवून मरण्यापलीकडे ते काही करू शकत नाही. याउलट २०१२ मधील मॅजिक २०१३ संचातले थ्रॅगटस्क हे पिछाडीवरच्या खेळाडूसाठीच घडवल्यासारखे कार्ड आहे: पाच मानांना ५/३, मैदानात येताना पाच आयुष्य देते आणि मैदान सोडताना ३/३ चा एक पशू मागे ठेवते. मार खात असताना असे कार्ड ओढले गेले की काय वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

या चार स्थितींचा अंदाज डोक्यात ठेवणे मला जमेना, म्हणून मी एक वही घातली. डेकमधील ज्या कार्डाबद्दल शंका आहे त्याचे नाव वर लिहायचे, आणि ते हातात येईल त्या प्रत्येक वेळी तीन गोष्टी नोंदवायच्या: कितवा टर्न, कोणती स्थिती, आणि त्या क्षणी ते ‘हवे होते’ की ‘नको होते’. डाव जिंकला की हरला हे मी मुद्दाम लिहीत नव्हतो, कारण जिंकलेल्या डावातले प्रत्येक कार्ड नंतर चांगलेच वाटते. नोंद कार्ड ओढल्याक्षणी करायची, ही अट मी स्वतःवर घालून घेतली होती. डाव संपल्यावर केलेली नोंद विश्वासाची नसते.

वहीतले सर्वांत बोलके पान डार्क कॉन्फिडंटचे आहे. २००५ च्या रॅव्हनिका संचातले हे दोन मानांचे २/१ क्रीचर दर टर्नच्या सुरुवातीला डेकमधील वरचे कार्ड उघड करून आपल्या हातात देते आणि त्या कार्डाच्या माना-खर्चाइतके आपले आयुष्य कापते. याला नकार देण्याची सोय नाही. मी निळ्या-काळ्या डेकमध्ये याच्या चार प्रती घातल्या होत्या आणि सोबत मलड्रिफ्टरच्याही चार, कारण दोन्ही कार्डे स्वतंत्रपणे उत्तम आहेत हे मला माहीत होते. एका डावात माझे आयुष्य तीनवर आले होते, समोरच्याच्या मैदानात एकच क्रीचर उरले होते आणि पुढच्या टर्नला माझे पारडे जड होणार होते. टर्न सुरू झाला, मी वरचे कार्ड उलटले आणि मलड्रिफ्टर निघाले. पाच आयुष्य कापले गेले आणि डाव तेथेच संपला. समोरच्याने काहीच केले नव्हते.

त्या संध्याकाळी मी डेकमधील सगळ्या खर्चांची बेरीज केली. लँड सोडून उरलेल्या ३६ कार्डांचा एकूण खर्च १२६ भरला. लँडचा खर्च शून्य धरून तो ६० कार्डांवर वाटला, तर कॉन्फिडंट मैदानात असताना दर टर्नला सरासरी २.१ आयुष्य जात होते; पाच टर्नमध्ये साडेदहा, म्हणजे निम्म्याहून अधिक. हीच बेरीज ७२ असती, तर दर टर्नला १.२ गेले असते आणि जास्तीचे कार्ड त्या किमतीत स्वस्त ठरले असते. कॉन्फिडंटवर छापलेला एकही शब्द बदलला नव्हता. बदलत होती ती त्याच्या सोबतची ५६ कार्डे.

सोबतीच्या विचारात आणखी एक गणित नवोदितांनी करून पाहावे. ‘ही दोन कार्डे एकत्र आली की डाव माझाच’ असे वाटते तेव्हा ती किती वेळा एकत्र येतात, हे आपण पाहत नाही. एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील, तर पहिले खेळताना चौथ्या टर्नपर्यंतच्या दहा कार्डांत त्यातली किमान एक मिळण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के असते. अशा दोन वेगवेगळ्या कार्डांची जोडी त्याच दहा कार्डांत मिळण्याची शक्यता मात्र सुमारे २६.५ टक्के, म्हणजे साधारण चार डावांतून एकदा. उरलेल्या तीन डावांत त्या जोडीतले एकेकटे कार्ड काय करते, यावरच मी आता अशा पात्राची निवड करतो. ज्यांच्यावर ‘लेजंडरी’ असे छापलेले असते त्या पात्रांच्या बाबतीत हिशेब आणखी कडक होतो, कारण एकाच नावाचे लेजंडरी क्रीचर आपल्या ताब्यात एका वेळी एकच राहू शकते आणि पहिले टिकून असताना आलेली दुसरी प्रत बहुधा हातात अडकून पडते.

वहीतल्या कॉन्फिडंटच्या पानावर पुन्हा नजर टाकली, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्नच्या जवळपास सगळ्या नोंदी ‘हवे होते’ अशा होत्या, आणि सातव्या टर्नपुढच्या पिछाडीतल्या सगळ्या नोंदी ‘नको होते’ अशा. मलड्रिफ्टरच्या पानावर पिछाडीतही ‘हवे होते’ पुन्हा पुन्हा आले होते. तो डेक मुळात संथ होता, त्याचे डाव लांबत. म्हणून मी त्यातून कॉन्फिडंटच्या चारही प्रती काढल्या आणि मलड्रिफ्टर ठेवले. पुढे एक आणि दोन मानांच्या कार्डांचा वेगवान काळा डेक बांधला, तेव्हा त्याच चार प्रती पुन्हा बाहेर काढल्या आणि वहीत त्यांच्यासाठी नवे पान उघडले.