एअर-कूल्ड इंजिनातले पिस्टन ऑइल स्क्वर्टर तपासायचे, काढायचे आणि नवीन बसवायचे कसे

एअर-कूल्ड इंजिनाचं केस (क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो ती बॉडी) उघडलंय आणि क्रँक बाहेर आहे, मग स्क्वर्टर, म्हणजे पिस्टनवर खालून ऑइलची धार मारणारी नळी, आत्ताच बघून घ्या, कारण केस एकदा बंद झालं की फक्त या छोट्याशा नळीसाठी ते परत कोणी उघडत नाही. लोक बेअरिंग बदलतात, रिंगा बदलतात, सिलिंडर होन करून (आतून बारीक घासून) आणतात आणि स्क्वर्टरवर नुसता ब्रश मारून पुढे जातात. पुढे महागडा नवीन पिस्टन तापून स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर) ओरखडे उठतात तेव्हा कारण शोधत बसावं लागतं.

आधी स्क्वर्टर काय काम करतो ते बघू. पाण्याचं जॅकेट नसल्यामुळे पिस्टनच्या डोक्यावरची उष्णता मुख्यतः रिंगांतून सिलिंडरला आणि तिथून फिन्समधून हवेत जाते, आणि जोरात चालवलं की हा रस्ता अपुरा पडायला लागतो. स्क्वर्टर मेन बेअरिंगच्या सॅडलमधून (केसमधल्या बेअरिंगच्या बैठकीतून) ऑइल घेतो आणि खालून पिस्टनच्या पोटावर मारतो. पोर्शेने आपल्या 911 गाडीत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हे द्यायला सुरुवात केली, सहा सिलिंडरला सहा. त्याआधीच्या केसमध्ये ते नसतात, फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनातही कंपनीकडून येत नाहीत, तिथे मशीनिंग करून घालावे लागतात.

आत एक स्प्रिंग आणि बॉल असतो, आणि खरी गंमत त्यातच आहे. आयडलला ऑइलचं प्रेशर कमी असतं तेव्हा बॉल भोक बंद ठेवतो म्हणजे सगळं ऑइल बेअरिंगला मिळतं, आणि आरपीएम वाढून प्रेशर साधारण 3 ते 4 बारच्या आसपास गेलं की व्हॉल्व्ह उघडतो (तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा). म्हणून स्क्वर्टर दोन तऱ्हेने बिघडतो. कचरा अडकून उघडा राहिला तर गरम इंजिनाचं आयडल प्रेशर पडतं आणि आपण उगाच ऑइल पंपाला दोष देत बसतो. बंदच राहिला तर गेजवर काही म्हणजे काही दिसत नाही आणि तो एक पिस्टन गुपचूप तापत राहतो, मला विचाराल तर हा दुसरा प्रकार जास्त वाईट.

तपासणीला कॉम्प्रेसर, रेग्युलेटर, चांगला गेज आणि रबरी टोकाची एअर गन पुरे. डोळ्यांवर चष्मा घालाच. सॅडलच्या बाजूच्या भोकावर रबर दाबून धरा, नोझलच्या टोकाला थेंबभर पातळ ऑइल लावा आणि हवा अगदी कमी प्रेशरपासून हळूहळू वाढवत न्या. कमी प्रेशरलाच बुडबुडे आले तर बॉल नीट बसत नाहीये. ठरलेल्या प्रेशरला हवा मोकळी सुटली पाहिजे आणि प्रेशर उतरवल्यावर परत बंद झाली पाहिजे. प्रत्येकाचा आकडा केसवर मार्करने लिहा, सहातला एक बाकीच्यांपेक्षा वेगळा वागत असेल तर लगेच कळतं. मग नळीवाल्या स्प्रेने ब्रेक क्लीनर मारून बघा, धार सरळ आणि बारीक हवी, फाटलेली किंवा तिरकी नको. साफ करून सुधारला तर ठीक, पण भोकात तार घालून कोरू नका, भोक मोठं झालं की धार बिघडते. ज्या इंजिनाचं बेअरिंग गेलं होतं त्यातले सगळे स्क्वर्टर मी सरळ बदलतो, तपासत बसत नाही, कारण धातूचा बुरा बॉलच्या मागे जाऊन बसतो.

काढताना आधी बघा की तो आट्यांचा आहे की दाबून बसवलेला. दाबून बसवलेला असेल तर त्याच्या बॉडीत आटे पाडायचे, बोल्ट घालायचा आणि स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या झटक्याने बाहेर खेचणाऱ्या हत्याराने) सरळ रेषेत ओढायचा. केस आधी सगळीकडून सारखं गरम केलं तर बरंच सोपं जातं, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही पितळ-स्टीलपेक्षा जास्त फुगतात. फ्लेम लावू नका, ओव्हन वापरा. मॅग्नेशियमचा बुरा पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते, त्यामुळे बुरा साठू देऊ नका.

जुने निघाले की मगच केस धुवायचं, आधी नाही. गॅलरीचे (केसमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून लांब ब्रशने आतून घासा. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं, मॅग्नेशियमला ॲसिड खातं, तेव्हा धुणाऱ्याला धातू कोणता ते सांगून ठेवा. ग्लास बीड ब्लास्टिंग तर या केसवर करूच नका, मणी गॅलरीत लपतात आणि नंतर नेमके बेअरिंगमध्ये सापडतात.

नवीन बसवताना प्रत्येक स्क्वर्टर आधी हवेवर तपासा, नवीन आहे म्हणून सोडू नका. केस गरम, स्क्वर्टर थंड, आणि नोझलला धक्का न लागता खांद्यावर दाब पडेल असा पंच. टाईट फिट असायलाच हवी, हाताने आत सरकला तर भोक मोठं झालंय, तिथे लॉकटाईटवर (धातू चिकटवायच्या गोंदावर) भरवसा ठेवू नका, मशीन शॉपला ओव्हरसाईझ बॉडी बनवायला सांगा. निसटलेला स्क्वर्टर क्रँकमध्ये गेला तर केसच फुटतं.

जुन्या केसमध्ये पहिल्यांदा घालत असाल तर ड्रिलिंग हातमशीनने नाही, केस मिलिंग मशीनवर फिक्स्चरमध्ये बांधूनच. कोन चुकला तर ड्रिल स्टडच्या भोकात घुसतं. शिवाय पंपाची ताकद आधी बघा, झिजलेल्या पंपावर नवीन धारा लादल्या तर वरच्या आरपीएमला बेअरिंगच्या वाटचं ऑइल जाईल.

दिशा बघायला नोझलच्या रेषेत सरळ बारीक तार धरा, ती पिस्टनच्या पोटाकडे जायला हवी, सिलिंडरच्या भिंतीकडे नाही. नंतर क्रँक, रॉड आणि एक पिस्टन तात्पुरता बसवून हाताने पूर्ण फेरा फिरवा, आणि नोझलवर प्लॅस्टिसिनचा (मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचा) छोटा गोळा लावा. पिस्टन सगळ्यात खाली आल्यावर स्कर्ट आणि क्रँकवरचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) दोन्हीपासून किती गॅप उरतो ते त्या गोळ्याच्या जाडीवरून कळतं.

शेवटची टेस्ट सिलिंडर बसवायच्या आधी. केस जोडून झालं की प्रेशर पॉटने (हवेच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या टाकीने) ऑइल मेन गॅलरीत ढकला आणि सिलिंडरच्या भोकांतून आत बघा. कमी प्रेशरला सगळे गप्प, मग वाढवत नेलं की एकेक धार सुटते, आणि सगळ्या सुटल्या की प्रेशर खाली आणून सगळ्या परत बंद होतात का ते बघा. एखादी ठिबकत राहिली तर सिलिंडर चढवू नका, केस परत उघडा आणि तेवढा एक बदला.